सागरतीरी गोल्फ : मैदान कोणते निवडावे?

या सदरातून आपण आजवर देवस्थाने पाहिली, गडकोट पाहिले, नद्यांचे उगम पाहिले. या महिन्याचा विषय पुष्कळ वाचकांना परका वाटेल. परंतु ज्या घरांतील मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, त्या घरांत असले प्रश्न आता वरचेवर उद्भवू लागले आहेत. आमचे एक वाचकबंधू शासकीय अभियंता म्हणून निवृत्त झाले. वय वर्षे ६८. नोकरीच्या काळात छावणीच्या मैदानावर त्यांना गोल्फचा नाद लागला आणि तो आजतागायत सुटलेला नाही. कन्या आणि जावई एडिंबरा येथे असतात. त्यांनी यंदा उभयतांना स्कॉटलंडला बोलाविले असून, बाबांसाठी दहा दिवसांत सात गोल्फमैदानांचा बेत आखला आहे. सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, म्यूरफील्ड, प्रेस्टविक, ट्रून, टर्नबेरी आणि डॉर्नॉक ही ती सात नावे. सौभाग्यवतींना या खेळात काडीचा रस नाही, शिवाय गुडघे दुखतात. "मुलांचा उत्साह मोडवत नाही, पण हा बेत झेपेल का, आणि हिने सात दिवस काय करावे?" असे त्यांनी विचारले आहे.

मी स्वतः गोल्फ खेळत नाही. पण प्रश्न केवळ खेळाचा असता तर त्यांनी तो मला विचारलाच नसता.

प्रथम हे मैदान म्हणजे काय ते पाहू. समुद्रकाठच्या गोल्फमैदानाला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाऱ्याने साचलेल्या वाळूच्या टेकाडांचा जो पट्टा असतो, तो हा लिंक्स. नांगरटीला निरुपयोगी, झाडाला आधार न देणारा, फक्त मेंढ्यांच्या आणि सशांच्या कामाचा. तेथे बारीक, चिवट गवत उगवते, पावसाचे पाणी क्षणात झिरपून जाते आणि जमीन टणक राहते. मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा घेण्यासाठी जेथे दाटीवाटीने बसत, तेथे वाळू उघडी पडून खळगे झाले, आणि त्यांचेच पुढे 'बंकर' झाले असे सांगतात. म्हणजे या मैदानाचा पहिला आराखडा कोणा स्थापत्यकाराने काढलेला नाही. तो वाऱ्याने, सशांनी आणि मेंढरांनी काढला. गोट्या खेळताना आपण जमिनीत जी गल उकरीत असू, तीच तेथे अठरा ठिकाणी उकरली, एवढाच माणसाचा हात.

अठरा हा आकडाही ठरवून आलेला नाही. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर एका फेरीत बावीस होल खेळत. १७६४ साली सुरुवातीचे चार लहान होल एकत्र करून त्यांचे दोन केले. जाताना आणि येताना तेच खेळायचे असल्याने बाविसाचे अठरा झाले, आणि पुढे सर्व जगाने तेच प्रमाण मानले. चेंडूचीही अशीच एक गंमत आहे. पूर्वी कातडी पिशवीत पिसे ठासून चेंडू करीत, तो महाग पडे आणि पावसात भिजून फुटे. १८४८ च्या सुमारास मलायातील गट्टापर्चा या चिकाचे चेंडू आले आणि खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. आख्यायिका अशी की, हिंदुस्थानातून सेंट अँड्र्यूजला कोणी विष्णूची मूर्ती पाठविली, तिच्याभोवती बांधणीसाठी या चिकाच्या चिपा भरल्या होत्या, आणि त्या वितळवून पहिला चेंडू झाला. खरेखोटे तो विष्णूच जाणे. पण तिकडच्या गोल्फच्या इतिहासांत ही कथा आवर्जून सांगितली जाते.

आता त्या सात नावांकडे वळू. यांतील प्रत्येक मैदान थोर आहे यात शंका नाही. प्रेस्टविकला १८६० साली अवघ्या आठ खेळाडूंत पहिली 'ओपन' स्पर्धा झाली. कार्नूस्टीच्या अठराव्या होलपाशी बॅरी बर्न नावाचा ओहळ आहे. १९९९ साली जाँ व्हान द व्हेल्द हा फ्रेंच खेळाडू तीन फटक्यांची आघाडी घेऊन तेथे आला, आणि पाण्यात उतरून चेंडू मारावा की काय अशा विचारात पायमोजे काढून उभा राहिला. ती स्पर्धा अखेर त्याच्या हातून गेली. असे मैदान पाहावे असे कोणालाही वाटेल. परंतु नकाशा उघडा. प्रेस्टविक, ट्रून, टर्नबेरी पश्चिम किनाऱ्यावर. सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, म्यूरफील्ड पूर्वेस. आणि डॉर्नॉक एडिंबराहून मोटारीने सुमारे चार तास उत्तरेस. दहा दिवसांतील निम्मे दिवस मोटारीतच जातील. अठरा होलची एक फेरी म्हणजे आठ-नऊ किलोमीटरांची चाल, तीही वाऱ्याविरुद्ध, चार-साडेचार तासांची. ज्या दिवशी फेरी, त्याच्या दुसऱ्या दिवशी विसावा, हे साठी उलटलेल्या माणसाने गृहीतच धरावे. त्या हिशेबाने दहा दिवसांत चार-पाच फेऱ्या होतात, सात होत नाहीत.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, किनारा एकच निवडावा, आणि तो पूर्वेचा. पश्चिमेचा किनारा देखणा आहे. पण अटलांटिकवरून येणारा पाऊस प्रथम तेथेच कोसळतो. फाइफ परगण्याच्या पूर्वकाठी वर्षाचा एकूण पाऊस आपल्या इंदूरपेक्षाही कमी पडतो. फरक इतकाच की, आपल्याकडे तो चार महिन्यांत धो धो पडून मोकळा होतो आणि तिकडे बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो. पूर्वेस एक उपद्रव मात्र आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात समुद्रावरून अकस्मात दाट धुके येते. त्याला ते 'हार' म्हणतात. आतल्या गावात ऊन पडलेले असते आणि मैदानावर दहा हातांवरचे दिसत नाही. त्याला उपाय नाही. दिवस राखून ठेवणे हाच उपाय.

दुसरी गोष्ट मैदानाच्या रचनेची. ही बाब प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पुस्तिकांत क्वचितच आढळते, आणि वडीलधाऱ्या खेळाडूच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. लिंक्सची जुनी मैदाने सरळ जाऊन सरळ परत येणारी असतात. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान असेच आहे. पहिला होल गावात, अठरावा गावात. पण नवव्या होलपाशी माणूस ईडन नदीच्या मुखाकडे गावापासून जवळपास सर्वांत दूर पोचलेला असतो. तेथे दमला, गुडघा धरला, तर दोन किलोमीटर चालत परत येण्यावाचून गत्यंतर नाही. याउलट म्यूरफील्डची रचना दोन वर्तुळांची आहे : पहिले नऊ बाहेरून, उरलेले नऊ आतून उलट्या दिशेने. नववा होल संपताच माणूस क्लबच्या दाराशी. परंतु म्यूरफील्ड हा खासगी क्लब. पाहुण्यांना आठवड्यातील मोजकेच दिवस प्रवेश, शुल्कही भारी. स्त्रियांना सदस्यत्व द्यावे हा ठराव तेथे २०१७ साली दुसऱ्या खेपेस मंजूर झाला आणि पहिल्या स्त्री-सदस्या २०१९ मध्ये आल्या. यावरून तेथील रीतीभातींची कल्पना यावी. मी तरी यादीतून तो वगळीन.

मुक्काम कोठे करावा? फाइफच्या टोकाला ईस्ट न्यूक म्हणून कोळ्यांच्या जुन्या गावांची ओळ आहे : क्रेल, अँस्ट्रुथर, पिटनवीम, सेंट मोनन्स, एली. लाल कौलांची घरे, लहान धक्के, आणि गावागावाला जोडणारी समुद्रकाठची पाऊलवाट. येथून सेंट अँड्र्यूज पंधरा-वीस किलोमीटरांवर. क्रेलच्या गोल्फ मंडळाची स्थापना १७८६ ची. तेथील बॅल्कॉमीचे मैदान टॉम मॉरिस या थोर खेळाडूने १८९५ साली आखले. ते लांबीला बेताचे आहे आणि समुद्र जवळजवळ सदैव नजरेसमोर असतो. एलीच्या मैदानावर पहिल्याच होलपुढे टेकाड आहे. पलीकडचा माणूस दिसत नाही. म्हणून तेथील चौकीत एका निकामी झालेल्या पाणबुडीची परिदर्शी-नळी बसविली आहे. ती फिरवून पलीकडचा खेळाडू दूर गेल्याची खात्री करावयाची आणि मगच पुढच्याला सोडावयाचे. पाच वेळा ओपन जिंकणारा जेम्स ब्रेड याच एलीच्या परिसरात जन्मला. अँस्ट्रुथरला नऊच होलचे लहान मैदान आहे. ज्या दिवशी अंगात अठराचे बळ नाही त्या दिवशी ते हाताशी असावे.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. काळ्या मातीच्या, उन्हाने तडकलेल्या मैदानावर खेळणाऱ्या आपल्या माणसाला ही मैदाने वाटतात तितकी अवघड जाणार नाहीत. मऊ हिरवळीवर शिकलेला खेळाडू चेंडू उंच उडवितो. येथे उंच गेलेला चेंडू वारा नेतो. येथे चेंडू खाली ठेवून जमिनीवरून पळवावा लागतो. टणक जमिनीची सवय ज्याला आहे त्याची निम्मी शिकवणी आधीच झालेली असते.

आता मुख्य तीर्थ. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाचे शुल्क उन्हाळ्यात माणशी तीनशे पौंडांच्या वर गेले आहे, आणि पैसे असूनही दिवस मिळेलच असे नाही. बहुतेकांना सोडतीत नाव घालावे लागते. खेळण्याच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत किमान दोघांनी मिळून अर्ज करावयाचा आणि निकालाची वाट पाहावयाची. यासाठीही मुक्काम जवळ असणे आवश्यक. रोज नाव घातले तर आठवड्यात कधीतरी लागण्याचा संभव असतो. न लागल्यास हिरमुसण्याचे कारण नाही. त्याच गावात आणखी सहा सार्वजनिक मैदाने आहेत. 'न्यू कोर्स' नावाचे मैदानच १८९५ चे आहे. जुन्याच्या शेजारी, त्याच वाळूवर, पुष्कळ कमी दरात. नऊ होलच्या बाल्गोव्हचे शुल्क तर जुन्या मैदानाच्या दशांशाहूनही कमी.

सौभाग्यवतींसाठी खास सांगण्याजोगे स्थळ म्हणजे तेथील 'हिमालय'! उंचसखल हिरवळीचा हा लहानसा पट्टा स्त्रियांच्या एका क्लबाने चालविला आहे. १८६७ साली, स्त्रियांनी पूर्ण ताकदीने काठी फिरविणे अशोभनीय मानले जाई त्या काळी, त्यांच्यासाठी हा हळुवार ढकलण्याचा खेळ निघाला. उंचवटे पाहून कोणी त्याला हिमालय म्हटले आणि ते नाव चिकटले. दोन-चार पौंडांत कोणीही, आजीपासून नातवापर्यंत, तेथे तासभर रमू शकतो. गुडघ्यांना त्रास नाही, आधी शिकावे लागत नाही.

आणि रविवार. रविवारी जुन्या मैदानावर खेळ बंद असतो. काही मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. त्या दिवशी ते मैदान गावाची बाग होते. लोक कुत्री फिरवितात, मुले धावतात, म्हातारी माणसे स्विल्कन ओढ्यावरच्या लहानशा दगडी पुलावर उभी राहून छायाचित्रे काढतात. ज्या हिरवळीसाठी इतर दिवशी तीनशे पौंड, तीवर रविवारी फुकट चालता येते. आमच्या वाचकबंधूंनी तो रविवार सपत्नीक राखून ठेवावा.

हे शक्य होते याचे कारण ती जमीन कोणा धनिकाची नाही. १५५२ च्या एका सनदेत आर्चबिशप हॅमिल्टन यांनी ससे पाळण्याचा हक्क आपल्याकडे घेताना, या वाळवंटावर गोल्फ, चेंडूफळी आदी खेळ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केलेला आहे. १७९७ साली नगरपालिका दिवाळखोर झाली आणि तिने हीच जमीन विकून टाकली. ती सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. ससे मैदान पोखरू लागले, गावकरी ससे मारू लागले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पंचवीसएक वर्षे हा तंटा चालला. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती विकत घेऊन खेळासाठी राखली. पुढे ती पुन्हा गावाकडे आली, आणि १९७४ च्या कायद्याने तिचा कारभार एका न्यासाकडे सोपविला गेला. आजही स्थानिक रहिवाशांना वर्षाच्या माफक वर्गणीत तेथे खेळता येते.

येथे कोणी विचारील : इतक्या दूर कशाला? आपला गोवा काय वाईट? दक्षिण गोव्यात हॉटेलांच्या आवारांत लहान गोल्फमैदाने आहेत, आणि चार दिवसांच्या विरंगुळ्याला ती पुरेशी आहेत. परंतु कोकणपट्टीचा किनारा म्हणजे लिंक्स नव्हे. तेथे जांभा दगड, वर काजू आणि नारळ, खाली खाजण आणि शेत, आणि चार महिने मुसळधार पाऊस. उरलेल्या आठ महिन्यांत हिरवळ जिवंत ठेवावयाची तर गोडे पाणी रोज लागते. आणि ते गावाच्या विहिरींच्या वाट्यातूनच यावयाचे. पेडणे तालुक्यात तेरेखोलच्या टोकावर मोठे गोल्फमैदान उभारण्याचा घाट घातला गेला तेव्हा काजूबागा कसणाऱ्या कुळांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला तो याच कारणाने. स्कॉटलंडमधील पट्टा नांगराला नको होता म्हणून खेळाला मिळाला. आपल्याकडे नांगर आणि कोयता काढून घेतल्यावाचून तो मिळत नाही. हा भेद मोठा आहे.

अर्थात तिकडेही सर्व आलबेल आहे असे नाही. ॲबर्डीनच्या उत्तरेस मेनी येथे डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१२ साली मैदान सुरू केले. तेथील सरकत्या वाळूच्या टेकड्या शास्त्रीय महत्त्वाच्या म्हणून संरक्षित होत्या; गवत लावून त्या जागच्या जागी थोपविल्यावर त्यांचे ते महत्त्वच उरले नाही, आणि २०२० मध्ये त्यांचा संरक्षित दर्जा काढून घेण्यात आला. काही शेजाऱ्यांनी आपली घरे विकण्यास अखेरपर्यंत नकार दिला होता. आणि माँट्रोझ येथे, जेथे शतकानुशतके गोल्फ चालले आहे, समुद्रच मैदानाचा काठ खात आत येत आहे. मैदान निवडताना ते कोणाचे आहे आणि कशावर उभे आहे एवढी चौकशी पाहुण्यानेही करावी. माझ्या यादीत मेनीला आणि त्याच मालकाच्या टर्नबेरीला जागा नाही; वाचकांनी आपापला निर्णय घ्यावा.

चौथी फेरी मात्र फाइफमध्ये न करता खाडीपलीकडे नॉर्थ बेरिकला करावी. एडिंबराहून आगगाडीने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. स्थानकापासून मैदान चालत जाण्याजोगे. मैदानात दगडी कुंपणाच्या भिंती आडव्या येतात, त्यांवरून चेंडू मारावा लागतो. पंधरावा होल 'रेडॅन' नावाने जगभर नावाजलेला असून त्याच्या नकला देशोदेशी झाल्या आहेत. क्रिमियाच्या युद्धातील एका बुरुजावरून ते नाव पडले. समोर समुद्रात बास रॉक हा पक्ष्यांनी पांढरा झालेला कातळ, आणि दूरवर फाइफचा किनारा.

याच मैदानावर सप्टेंबर १८७५ मध्ये टॉम मॉरिस आणि त्याचा मुलगा टॉमी हे दोघे बापलेक एका जोडीविरुद्ध खेळत होते. टॉमीने ओपन ओळीने चार वेळा जिंकलेली, वय चोवीस. सामना संपत आला असता तार आली की घरी पत्नी प्रसूतीत अत्यवस्थ आहे. रस्त्याने वळसा घालून जाण्यास फार वेळ लागला असता, म्हणून एका गृहस्थाने आपली शिडाची नौका दिली आणि बापलेक खाडी ओलांडून निघाले. ते घरी पोचण्यापूर्वीच पत्नी आणि नवजात मूल दोघेही गेले होते. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी टॉमीही गेला. सेंट अँड्र्यूजच्या भग्न कॅथीड्रलच्या आवारात त्याची समाधी आहे. बाप त्यानंतर बत्तीस वर्षे जगला, त्याच मैदानाची निगा राखीत. तो रविवारी त्या आवारात जाणार असाल, तर हे ठाऊक असावे.

राहिली जुळवाजुळव. मे किंवा सप्टेंबर हे महिने उत्तम. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो हे खरे, पण गर्दी आणि दरही त्याच मानाने चढे. नोव्हेंबरपासून जुन्या मैदानावर गवत वाचविण्यासाठी चटईच्या तुकड्यावर चेंडू ठेवून मारावा लागतो. तो काळ टाळावा. निघण्यापूर्वी आपल्या क्लबाकडून हँडिकॅपचा लेखी दाखला घ्यावा. तिकडची नामांकित मैदाने तो मागतात आणि तेथे गेल्यावर तो मागविणे जिकिरीचे होते. छत्रीचा वाऱ्यापुढे उपयोग नाही, पावसाळी अंगरखा आणि विजार हवी. आणि मोटार हवीच असे नाही. सेंट अँड्र्यूजचे रेल्वेस्थानक १९६९ मध्ये बंद झाले; आता लूकर्सला उतरून बसने जावे लागते. परंतु त्याच वर्षी बंद पडलेली लीव्हनची गाडी जून २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. एडिंबराहून लीव्हनला उतरावे. तेथील आणि शेजारच्या लंडिनचे मैदान १९०९ पर्यंत एकच होते, मधल्या दगडी भिंतीपाशी त्याची वाटणी झाली. पुढे किनाऱ्याने एली, अँस्ट्रुथर, क्रेलपर्यंत बस जाते. जावयांना रजा मिळाली नाही तरी सासूसासरे आपले आपण जाऊ शकतील.